बेसच्या घोडीची चीर: ग्वाल्हेरमधल्या एका जुन्या पियानोचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी घरातला हा पियानो. लंडनमध्ये बनलेला, अपराइट म्हणजे उभ्या घडणीचा, आतली फ्रेम ओतीव लोखंडाची, बेसच्या म्हणजे खर्जाच्या तारा मधल्या तारांच्या वरून तिरप्या गेलेल्या. घरच्या काकू त्यावर आसपासच्या मुलांना शिकवतात आणि गणेशोत्सवात त्यावर आरत्याही वाजतात. तक्रार एकच होती: डाव्या हाताचे सूर फाटतात. उजवीकडचे सूर थोडे उतरलेले असले तरी स्वच्छ होते. डावीकडे मात्र ओळीनं काही पट्ट्या अशा, की दाबताच सुराबरोबर झणझण उठायची आणि सूर टिकायच्या आत विरून जायचा.

"अरे, सूर लावून घेतला तरी चार दिवसांत पुन्हा तेच. हा आता गेलाच का रे?" काकूंनी विचारलं. त्याआधी कुणीतरी त्यांना हा पियानो यापुढे शोभेपुरताच ठेवा, असं सांगून गेलं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की या एकाच पियानोत चार ठिकाणी लाकूड तडकलेलं किंवा ढिलं झालेलं होतं आणि इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळलं की घट्ट होणारा जोडपदार्थ, त्यातल्या एकाच जागी वापरलं. आपल्याकडे एक तर सगळ्या चिरांमध्ये इपॉक्सी ओततात, नाही तर वाद्याला हात लावू देऊ नये असं ते विष समजतात. दोन्हींमुळे चांगली वाद्यं वाया जाताना मी पाहतो आहे.

झणझण कुठून येते

बेसची झणझण ऐकली की लगेच घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवर, ठपका ठेवू नये. आधी पियानोवरचे फोटो, फुलदाणी, पितळी मेणबत्तीदाण्या उतरवल्या, बिजागऱ्या आणि स्क्रू आवळले. थोडी झणझण गेली, बरीच राहिली. मग खालचं फळकूट काढलं, कारण अपराइटमध्ये बेसची घोडी खाली असते. एक पट्टी दाबून धरायला काकूंना बसवलं आणि पितळी सळईच्या टोकानं त्या तारेच्या पिना, म्हणजे तार जागेवर धरणारे घोडीतले पोलादी खिळे, एकेक करून दाबल्या. एका विशिष्ट पिनेवर दाब येताच झणझण थांबायची, दाब काढला की परत यायची. पुढच्या तारेलाही तेच, तिच्या पुढच्या तारेलाही तेच. दोन तारांच्या बाबतीत मात्र पिना दाबून काहीच फरक पडेना. तिथे पोलादी तारेवर गुंडाळलेली तांब्याची तारच ढिली झाली होती. त्याचा घोडीशी संबंध नाही, आणि हे आधीच वेगळं काढलं नसतं तर घोडी नीट होऊनही काम फसलं असं वाटलं असतं.

पिना का हलत होत्या ते समजायला घोडीची रचना थोडी बघावी लागते. प्रत्येक तार घोडीवरून सरळ जात नाही. वरच्या पिनेला एका बाजूनं आणि खालच्या पिनेला दुसऱ्या बाजूनं घासून, थोडी नागमोडी होऊन जाते. या वळणामुळेच ती लाकडाला घट्ट बसते आणि तिचं कंपन घोडीतून साउंडबोर्डात, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या मागच्या पातळ लाकडी फळीत, उतरतं. पण याच वळणामुळे तार दोन्ही पिनांना रात्रंदिवस बाजूला ढकलत असते. पियानोच्या दोनशेहून जास्त तारांचा एकूण ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. त्यातला अगदी छोटा भाग एका पिनेच्या वाट्याला येतो, पण तो शंभर वर्षं सुटी न घेता येतो. शिवाय पिना ओळीनं ठोकलेल्या असतात आणि घोडीच्या लाकडाचे रेषेही त्याच दिशेनं धावतात. ओंडका फोडताना रेष्यांच्या दिशेनं पाचरी ओळीनं बसवतात, तशीच ही मांडणी. एका पिनेपाशी केसाएवढी चीर पडली की ती पुढच्या पिनेच्या भोकापर्यंत पोचते, तिथून त्यापुढच्या.

टॉर्च अगदी तिरपा धरला तेव्हा ती चीर दिसली. वरच्या ओळीतली पिनेची भोकं जोडत गेलेली, मध्येच थोडी उघडी, टोकांना मिटलेली. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांची) सर्वांत पातळ पट्टी पिनेच्या निम्म्या खोलीपर्यंत सहज उतरली. तडकलेल्या भागातली भोकं गोल राहिली नव्हती, तारेच्या ढकलीच्या दिशेनं लांबट झाली होती. चिरेत कधीतरी कुणीतरी भरलेला पांढरा सुतारी गोंद पिवळसर होऊन बसला होता.

तो गोंद का टिकला नाही हेही सांगायला हवं. पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. त्यामुळे तो आकसतो आणि मोकळी जागा भरू शकत नाही. त्याला दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट भिडलेले लागतात. त्याहून वाईट म्हणजे सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. खुर्चीच्या सांध्यात तो अनेक वर्षं छान काम करतो. घोडीच्या पिनेला एका बाजूनं कायमचा रेटा असतो, तिथे तो त्या कामाचा नाही. इपॉक्सी रासायनिक क्रियेनं घट्ट होतं, जवळजवळ आकसत नाही, पोकळी भरतं आणि रेट्याखाली इतकं सरकत नाही. पिनेला पुन्हा घट्ट, गोल भोक मिळवून द्यायचं असेल तर हेच गुण लागतात.

चीर पडलीच का

पियानो ठेवलेल्या खोलीच्या खिडकीत वाळ्याच्या जाळ्यांचा मोठा कूलर होता आणि त्याचा झोत थेट पियानोच्या पाठीवर. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको: पारा पंचेचाळीसला भिडतो, लू सुटते, हवेत ओलावा नावाला उरतो. कूलर चालू असेपर्यंत खोली दमट, वीज गेली किंवा कूलर बंद केला की काही तासांत कोरडी ठणठणीत. पुढे आषाढ-श्रावणात सगळीकडे ओल, आणि पौषात बोचरी थंडी. लाकूड रेष्यांच्या दिशेनं जवळजवळ फुगत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. प्रत्येक फेऱ्यात भोकाभोवतीचं लाकूड पोलादी पिनेवर दाबलं जातं, मग मागे सरतं. अशानं चीर न पडती तरच नवल.

म्हणून पहिली दुरुस्ती हत्याराशिवाय झाली. पियानो त्या भिंतीवरून हलवून आतल्या भिंतीला लावला. बाहेरच्या भिंतीपासून आणि झोतापासून लांब. खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगला. ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान हवा राहिली तर लाकूड सुखात असतं. ग्वाल्हेरमध्ये वर्षभर ते जमणार नाही, पण एका दिवसात होणारे हेलकावे नक्की थांबवता येतात, आणि चिरा पाडतात ते हेलकावेच.

चार जागा, चार निर्णय

साउंडबोर्डाला मागून बघितलं तर एक लांब चीर होती. काकू तिच्याकडे बघून जास्त घाबरल्या होत्या. मी मागच्या प्रत्येक आडव्या पट्टीवर बोटं आपटून पाहिलं आणि जोडावर पातळ सुरी फिरवली. सगळ्या पट्ट्या पक्क्या चिकटलेल्या होत्या. पट्ट्या पक्क्या आणि चिरेच्या कडा एकमेकींवर घासत नसतील, तर अशी चीर दिसायला वाईट असते एवढंच. तिला हात लावला नाही. त्यात इपॉक्सी भरलं असतं तर पावसाळ्यात फुगणाऱ्या पातळ फळीत एक कडक, न दबणारी रेघ तयार झाली असती आणि शेजारी नवी चीर पडायला आमंत्रण मिळालं असतं. तिथे काही करायचंच झालं तर स्प्रूस लाकडाची पातळ पाचर आणि सरस.

दुसरी जागा वाजवायच्या पट्ट्यांमधली: एक पट्टी, ती जिच्यावर झुलते त्या मधल्या पिनेच्या भोकापाशी, मोडली होती. मोड ताजी होती आणि दोन्ही तुकडे एकमेकांत रेष्यान्‌रेषा बसत होते. असा सांधा साध्या लाकडी गोंदानं उत्तम जुळतो, म्हणून तिथे तोच वापरला.

तिसरी जागा खुंट्यांची, म्हणजे तारेचं टोक जिला गुंडाळतात आणि किल्लीनं फिरवून जिच्यावर सूर लावतात त्या पिनांची. काही खुंट्या किल्लीला फारच सैल लागत होत्या. इथे इपॉक्सी भरण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो टाळायलाच हवा. खुंटीला भोकात घट्ट बसायचं असतं आणि तरी फिरायचंही असतं. भोकात इपॉक्सी घट्ट झालं की खुंटी एक तर फिरतच नाही, नाही तर तडकून एकदम सुटते आणि मग कायमची सैल. त्या खुंट्या काढून एका नंबरनं जाड खुंट्या घातल्या. पिनब्लॉकचे, म्हणजे खुंट्या ज्यात बसतात त्या जाड लाकडाचे, थरच सुटले असतील तर सगळ्या तारा उतरवून ते इपॉक्सीनं जोडता येतात, पण ते वेगळं आणि मोठं काम. इथे तशी वेळ नव्हती.

उरली घोडी. शास्त्र बघायला गेलं तर वरचा थर पूर्ण रंधून त्या जागी कडक मॅपल किंवा बीचची नवी टोपी बसवणं, तिच्यावर नव्यानं भोकं पाडणं आणि खाचा कापणं ही सर्वांत चांगली दुरुस्ती. लाकडाचे तुकडे निसटले असते, पिनांमधलं लाकूड चुरलं असतं किंवा घोडी खालच्या फळीपासून सुटली असती तर मी दुसरं काही केलं नसतं. पण इथे लाकूड टणक होतं, चीर स्वच्छ होती, खालचा जोड पक्का होता आणि मूळ पिनांच्या जागा शाबूत होत्या. अशा घोडीला इपॉक्सी पुरतं, असं माझं ठाम मत आहे. त्यात वाद्याचा मूळ भाग वाद्यातच राहतो, आणि काकूंच्या घरखर्चाला झेपेल असंही ते होतं.

घोडीचं काम

वेळ होळीच्या आसपासची निवडली. मे महिन्यात चीर पूर्ण उघडी असते. तेव्हा ती गच्च भरली तर पावसाळ्यात फुगायला लाकडाला जागाच उरत नाही. भर पावसात चीर मिटलेली असते आणि लाकूड ओलं, मग इपॉक्सी आत जातही नाही आणि धरतही नाही. जानेवारीच्या थंडीत ते इतकं दाट होतं की वाहत नाही. फाल्गुनात लाकूड मधल्या अवस्थेत असतं आणि हवाही सोयीची.

सगळ्या पियानोचा ताण थोडाथोडा करून उतरवला, मगच बेसच्या तारा सोडल्या. प्रत्येक तार क्रमांकाच्या चिठ्ठीसह दोरीवर ओळीनं टांगली. घोडीवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, म्हणजे सगळ्या पिनांचा आणि खाचांचा ठसा मिळतो. मग पिना काढल्या. चिरेतल्या बोटांनीच निघाल्या. बाकीच्या जागच्या जागी घट्ट होत्या, त्यांना हात लावला नाही.

जुन्या घोड्यांच्या माथ्यावर काळं ग्राफाइट लावलेलं असतं. त्यावर इपॉक्सी धरत नाही. ते आणि जुना पांढरा गोंद काढणं हेच या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम. गोंद कोमट पाण्यानं मऊ करून सुईनं आणि पातळ करवतीच्या पात्यानं उकरून काढला, माथा धारदार पटाशीनं खरवडला, ॲसिटोननं पुसला, मग लाकूड पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. उजेडाला धरल्यावर चिरेच्या कडांना स्वच्छ लाकडाचा रंग दिसायला हवा.

पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी इथे चालत नाही. चिरेत झिरपायच्या आत ते आळतं आणि सावकाश घट्ट होणाऱ्यापेक्षा कमजोरही असतं. बाजारात सहज मिळणारं नेहमीचं सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट ताकदीला चांगलं, पण जाड. केसाएवढ्या चिरेसाठी फायबरग्लासच्या कामात वापरतात ते पातळ रेझिन घेतलं. प्रमाण कंपनीनं दिलेलंच पाळायचं, आणि ते वजनानं आहे की आकारमानानं हे नीट वाचायचं. उदाहरणार्थ, नेहमीच्या अराल्डाइटचं प्रमाण आकारमानानं निम्मंनिम्म असतं, पण वजनानं शंभराला ऐंशी. हार्डनर जास्त घातला तर लवकर घट्ट होईल हा समज अगदी चुकीचा आहे. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि जोड मऊ राहतो. थिनर घालून पातळ करणंही तसंच घातक. पातळ हवं असेल तर ऊब द्यावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो, हे मात्र लक्षात ठेवायचं. मिश्रण वाटीत न ठेवता सपाट टाइलवर पसरलं, कारण ढीग केला की ते स्वतःच्याच उष्णतेनं तापून आळतं.

घोडीच्या बाजूंना जिथे चीर बाहेर आली होती तिथे टेप लावली, खाली साउंडबोर्डावर प्लॅस्टिक अंथरलं. हेअर ड्रायरनं घोडी हाताला कोमट लागेल इतपत गरम केली आणि झोत बंद करून सिरिंजनं चिरेवर पातळ रेझिनची धार सोडली. लाकूड निवताना आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. पृष्ठभागावरची चकचकीत रेघ बघता बघता आत जाते, बारीक बुडबुडे वर येतात, आणि तिथे पुन्हा थेंब सोडायचा. रेघ भरून उभी राहिली की थांबायचं. मग त्याच रेझिनमध्ये मलमलीतून चाळलेलं लाकडाचं पीठ कालवून लांबट झालेल्या भोकांमध्ये भरलं.

पिना ॲसिटोननं पुसून, बारीक सँडपेपरनं खरडून घेतल्या होत्या. गंजलेल्यांच्या जागी थोड्या जाड नव्या घेतल्या. त्या ओल्या इपॉक्सीतच बसवल्या, पेन्सिलीच्या ठशाशी आणि शेजारच्या न हललेल्या पिनांशी ताडून. पुढे कधी एखादी पिन काढायची झालीच तर तिच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक टेकवायचं. उष्णतेनं इपॉक्सी मऊ होतं आणि पिन निघते. फालतू लाकडावर आधी हे करून पाहिलं होतं, म्हणूनच निर्धास्तपणे पुढे गेलो. शेवटी दोन्ही बाजूंना सेलोटेप गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या लावून क्लॅम्प हलकेच आवळले. सुतारी गोंदाला जोर लागतो. इपॉक्सीचा सांधा फार आवळला तर सगळा माल बाहेर निघून जातो आणि आत कोरडं राहतं.

हातमोजे अजिबात टाळू नयेत. कच्चं इपॉक्सी कातडीला वारंवार लागलं की ॲलर्जी जडते आणि ती जन्मभर सुटत नाही. हात पुसायला ॲसिटोन वापरणं तर आणखी वाईट. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी मास्क हवा, खिडक्या उघड्या हव्यात.

एका दिवसात इपॉक्सी टणक होतं, पण पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा लागतो. तोवर तारा चढवल्या नाहीत.

यानंतरचा भाग बहुतेक जण घाईत उरकतात. पिनेच्या मुळाशी इपॉक्सीचा छोटा चढ तयार झालेला असतो. डोळ्याला तो नीटनेटका दिसतो, पण तार पिनेला आणि लाकडाच्या धारेला एकाच ठिकाणी भेटायला हवी. चढ राहिला तर तार आधी त्यावर टेकते, मग पिनेवर, आणि एकाच तारेतून दोन सूर लढल्यासारखी लाट ऐकू येते. ती किल्लीनं कधीच जात नाही. म्हणून पाण्यानं पुसून वरचा चिकट थर काढला, माथा स्क्रेपरनं सपाट केला आणि प्रत्येक खाच धारदार पटाशीनं नव्यानं कापली, खाचेची कड बरोबर पिनेच्या मध्यरेषेवर येईल अशी. मग पिनांची डोकी कानशीनं एका पातळीत आणली आणि सर्वांत शेवटी ग्राफाइट घासलं.

त्यानंतर

तारा चढवताना तांब्याच्या गुंडाळीच्या दिशेनं प्रत्येकीला एक पीळ दिला. ताण टप्प्याटप्प्यानं वाढवला, मधल्या "सा"पासून दोन्हीकडे, आणि तार घोडीवर नीट बसावी म्हणून पितळी सळईनं हलकेच दाबली. जुन्या तारा तुटू नयेत म्हणून आजच्या प्रमाण पट्टीला (४४० हर्ट्झ) लगेच नेलं नाही. थोड्या खालच्या पट्टीवर स्थिर होऊ दिलं.

झणझण घोडीच्या भागातून पूर्ण गेली. त्याहून आनंदाची गोष्ट म्हणजे सूर टिकू लागला. डाव्या हातानं खर्जाचा एक सूर दाबून धरला की तो खोलीत पसरतो आणि उजव्या हाताला आधार देत राहतो. काकूंनी एकच आरती पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. "अरे, हा आवाज मी लग्न होऊन आले तेव्हाचा आहे," म्हणाल्या.

पावसाळ्यानंतर पुन्हा टॉर्च तिरपा धरून घोडी तपासली. भरलेली रेघ जशीच्या तशी आहे आणि सळईनं दाबून एकही पिन हलली नाही. उन्हाळाभर कूलर दुसऱ्या खिडकीत होता, त्याचाही यात वाटा आहे. वरच्या सुरांच्या घोडीच्या टोकाशी मात्र एक अगदी बारीक चीर दिसली आहे. पिना तिथे घट्ट आहेत आणि आवाजात दोष नाही, म्हणून आज तिला हात लावणार नाही. पुढच्या फाल्गुनात ती लांबली असली तर त्याच पातळ रेझिननं, पिना न काढता, भरून टाकायची.

गुंडाळी ढिल्या झालेल्या दोन तारांपैकी एक पीळ दिल्यावर सुधारली. दुसरी अजून कुरकुरते, ती नवीच करून घ्यावी लागेल. नमुन्यासाठी जुनी तार काढून पाठवायची असल्यानं ते काम दिवाळीच्या सुटीत ठेवलं आहे. तेव्हा मुलांचा वर्ग बंद असतो.